केंद्रप्रमुखांना वर्गात येऊ द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. शिक्षण आयुक्त, पुणे
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील (डाएट) अधिव्याख्याते यांना शिक्षकांच्या मदतीसाठी मोकळे करणेबाबत.

महोदय,

विषयाची ओळ तुमच्या फायलीत बसेल अशी लिहिली आहे. पुढचा मजकूर बसेलच असं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत उपशिक्षिका आहे. पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात आणि शाळेत येऊन मराठी शिकतात. यंदा मे महिन्यात आमच्या केंद्राचे, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाचे, केंद्रप्रमुख निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. शेजारच्या केंद्राचा प्रभार ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच आमचंही केंद्र 'अतिरिक्त' म्हणून गेलं. ते स्वतः मूळचे पदवीधर शिक्षक. त्यांच्या शाळेतल्या सहावी-सातवीला आता गणित कोण शिकवतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत आहे. त्याच सुमाराला तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या आमच्या साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करणाऱ्या, ताईंना शाळाभेटी थांबवून तालुक्याला माहितीच्या टेबलावर बसवलं गेलं.

जूनपासून आमच्या शाळेत शिकवण्याबद्दल बोलायला एकही माणूस आलेला नाही. फोन मात्र रोज येतात.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. एका साहेबांकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही, आणि माझं स्वतःचं नाव लिहायला वर्तणूक नियम आडवे येतात. पण कोणत्याही जिल्ह्यातल्या शिक्षकाला हे पत्र वाचून दाखवा, तो म्हणेल आमच्याच केंद्राबद्दल लिहिलंय.

शिक्षकाला मदत करणारा माणूस हवा, ही मागणी नवी नाही. शेजारच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालावं, ही शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट आली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःहून पाऊल उचललं आणि राज्यभरात ४,८६० केंद्रं करून प्रत्येकाला केंद्रप्रमुख हे पद दिलं. पुढे सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा यांतून गट साधन केंद्रं, समूह साधन केंद्रं, विषय साधनव्यक्ती मिळाल्या. कागदावर पाहिलं तर वाडीवरच्या शिक्षकाच्या मागे केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य अशी चार पायऱ्यांची माणसं उभी आहेत. इतकी चांगली रचना फार थोड्या खात्यांकडे असेल. म्हणूनच ती अशी वाया जाताना बघवत नाही.

हे पद नेमकं कशासाठी आहे, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढच्या तक्रारी म्हणजे नेहमीचं शिक्षकांचं रडगाणं वाटेल.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. हातच्याची वजाबाकी चालू होती. तेव्हाचे केंद्रप्रमुख आले, हजेरी मागितली नाही, मागच्या बाजूला मुलांमध्ये मांडी घालून बसले. मी फळ्यावर ४०२ वजा १५७ सोडवून दाखवत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. शेजारच्या मुलीच्या वहीत बघत होते. तिने उत्तर लिहिलं होतं ३५५. तास संपल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तिला ३०० वजा १२८ द्या. ती किती लिहील ते मी इथे लिहून ठेवतो." चिठ्ठीवर काहीतरी लिहून त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. मुलीने उत्तर लिहिलं २२८. चिठ्ठीवरही २२८ होतं.

ती मुलगी अंदाजाने आकडे लिहीत नव्हती. तिचा एक नियम होता: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा, वर-खाली बघायचं नाही. ७ आणि २ मध्ये ५, ५ आणि ० मध्ये ५, ४ आणि १ मध्ये ३. तिच्या नियमाने गणित दरवेळी 'सुटत' होतं. तिला आणखी वीस गणितं दिली असती तर तिने तो नियम आणखी वीस वेळा पक्का केला असता. मग आम्ही दोघांनी ओट्यावर बसून काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधले, दहा गठ्ठ्यांचा शंभराचा मोठा गठ्ठा केला. दुसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा तिला सोडायला लावला. चारशे दोनमध्ये सुटे दशक एकही नाहीत, आणायचे तर शंभराचा गठ्ठा फोडावा लागतो, हे तिच्या हातांना कळलं. पंधरा दिवसांनी केंद्रप्रमुख पुन्हा आले, त्याच मुलीजवळ बसले.

ह्यात प्रोजेक्टर नव्हता, मॉड्यूल नव्हतं, ॲप नव्हतं. फळ्याकडे तोंड करून चाळीस मुलांना शिकवणाऱ्या माणसाला एका मुलीच्या वहीतला नियम दिसू शकत नाही. मागे बसलेल्याला दिसतो. त्याला विषय कळायला हवा, मुलं कळायला हवीत आणि त्याला पुन्हा यायला सवड हवी. केंद्रप्रमुखाचं, साधनव्यक्तीचं, डाएटच्या अधिव्याख्यात्याचं खरं काम एवढंच आहे. बाकी सगळं कुठलाही लिपिक करू शकतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार माणसांची. केंद्रप्रमुखांची पदं निम्मी पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय स्पर्धा परीक्षेने भरायची, असं डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने ठरवलं. २०२३ मध्ये परीक्षा परिषदेची जाहिरात आली, २,३८४ जागांची. म्हणजे मंजूर पदांच्या जवळजवळ निम्म्या. शिक्षकांनी अर्ज भरले, शुल्क भरलं, अभ्यासाला लागले. परीक्षा पुढे ढकलली गेली. २०२५ मध्ये पुन्हा अर्ज, आता २,४१० जागांसाठी. ह्या मधल्या काळात माझ्या ओळखीचे काहीजण वयाने बाद झाले, काहींनी नाद सोडला. तुमच्या बाजूला न्यायालयीन प्रकरणं असतील, आरक्षणाची बिंदुनामावली असेल, निवडणुका असतील. कारणं खरी असतील हेही मी मान्य करते. पण २०२३ साली पहिलीत आलेलं मूल आता चौथीकडे निघालं आहे. त्याला थांबवून ठेवता येत नाही.

प्रभारी माणसाचा हिशोब तुम्हीच करून बघा. समग्र शिक्षेच्या निकषात एका समूह (म्हणजे केंद्र) समन्वयकाकडे जास्तीत जास्त १८ शाळा धरल्या आहेत. केंद्रात बाराच शाळा धरल्या, तरी तीन केंद्रं एकाकडे दिली की शाळा होतात छत्तीस. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस वर्षाला किमान २००. ह्या माणसाने एकही मीटिंग केली नाही, आजारी पडला नाही, रोज एक शाळा याप्रमाणे फिरला, तरी एका शाळेच्या वाट्याला वर्षातून पाच-सहा दिवस येतात. आणि तो मीटिंग करत नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी तक्रार माहितीची, आणि ती सगळ्यात मोठी आहे. केंद्रप्रमुखाचा आज पोस्टमन झालेला आहे: वरचं पत्र खाली टाकायचं, खालची माहिती वर न्यायची. यू-डायस प्लस ह्या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवरच्या नोंदी, आधार जुळणी, अपार हा विद्यार्थ्यांचा ओळख क्रमांक, पोषण आहाराची दैनंदिन नोंद, गणवेशाचं मोजमाप, असाक्षरांचं सर्वेक्षण, झाडाबरोबर मुलाचा फोटो. सकाळी साडेअकराला गटावर संदेश येतो, "सदर माहिती आज दुपारी २ पर्यंत न चुकता, निरंक असल्यास निरंक म्हणून पाठवावी. विलंबास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील." आमच्या वाडीवर रेंज आहे ती देवळाच्या मागच्या खडकावर. तिथे जाऊन 'निरंक' पाठवायचं, परत येऊन वर्ग धरायचा. निरंक म्हणजे काहीच नाही हे कळवायला सुद्धा अर्धा तास जातो. कधी कधी वाटतं, महाराष्ट्रातल्या शाळांनी वर्षभरात पाठवलेल्या निरंकांची एकदा मोजणी व्हावी. तीही माहिती अर्थात आमच्याकडूनच मागवली जाईल.

माहितीला माझा विरोध नाही. पटावर किती मुलं, किती शाळाबाह्य, कुणाला चष्मा हवा, हे सरकारला कळायलाच हवं. पण तीच माहिती चार पोर्टलवर चार साच्यांत कशासाठी? आणि ती गोळा करायला ज्यांनी शिकवण्यात मदत करायची तीच माणसं कशासाठी? गुणवत्तेच्या नावाने घेतलेल्या चाचण्यांचंही तेच. पायाभूत चाचणी होते, संकलित होतात, आम्ही पेपर तपासतो, गुण ऑनलाइन भरतो. गुण वर जातात. खाली काय येतं? 'आपल्या तालुक्याची नोंदणी ७० टक्केच झाली आहे, तातडीने पूर्ण करावी.' नोंदणी! माझ्या वर्गातल्या कुठल्या मुलाला स्थानिक किंमत कळली नाही, कुणाला जोडाक्षरं अडतात, त्यावर पुढच्या आठवड्यात काय करता येईल, हे माझ्याशी बोलायला कुणी आलं का? एवढ्या खर्चाच्या चाचणीचा शेवट टक्केवारीच्या रंगीत तक्त्यात होतो. त्या तक्त्यात आमचं केंद्र लाल आहे की हिरवं यावरून केंद्रप्रमुखाला बोलणी बसतात आणि तो ती आमच्यापर्यंत पोचवतो.

तिसरी गोष्ट शिक्षण परिषदेची. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, ही मला आजही खात्यातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. वाडीवरच्या एकट्यादुकट्या शिक्षकाला महिन्यातून एक दिवस आपल्यासारख्यांशी बोलायला मिळावं, यापेक्षा दुसरं प्रशिक्षण नाही. आता काय होतं ते सांगते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, यजमान शाळेकडून गुलाबपुष्प. मग सूचनावाचन. मग राज्याकडून आलेले विषय, तेच गडचिरोलीला आणि तेच रत्नागिरीला. एखादा सुलभक रात्री आलेली पीपीटी सकाळी वाचून दाखवतो. त्याचाही दोष नाही, त्याला ती रात्रीच मिळालेली असते. जेवणानंतर थकीत माहितीचा आढावा. शेवटी बॅनर धरून फोटो, कारण फोटोशिवाय परिषद झाली असं वर मानत नाहीत.

मी एकदा अशी परिषद पाहिली आहे जिथे प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांच्या निबंधाच्या वह्या आणल्या होत्या. चांगल्या नव्हे, कशाही. आम्ही त्या चटईवर पसरल्या आणि एकमेकांच्या मुलांच्या चुका वाचल्या. एका सरांच्या लक्षात आलं की तीन वेगवेगळ्या शाळांतली मुलं 'मला भूक लागली' ऐवजी एकाच पद्धतीचं वाक्य लिहितात आणि ती चूक नाही, ती त्यांच्या घरच्या बोलीची रचना आहे. त्या दिवशी सूचनावाचन राहून गेलं. आकाश कोसळलं नाही.

चौथी. मदत आणि तपासणी एकाच माणसाच्या हातात आहे, त्यामुळे मदत घेता येत नाही. जो माणूस माझा पोषण आहाराचा साठा मोजतो, उशिरा आल्याचा शेरा मारू शकतो, ज्याच्या अहवालावर माझा गोपनीय अहवाल अवलंबून आहे, त्याला मी कशी सांगणार की मला पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना अडचण येते? मी त्याला माझा सर्वांत गुळगुळीत पाठ दाखवणार. उत्तरं देणारी हुशार पाच मुलं पुढे बसवणार. तो शेरेबुकात लिहिणार, 'फलकलेखन सुंदर. परसबाग उत्तम. मुलांची प्रगती समाधानकारक.' दोघांचंही काम झालं. शाळांची शेरेबुकं उघडून बघा, पानंच्या पानं ह्या तीन वाक्यांनी भरलेली सापडतील. एखाद्या मुलाचा, एखाद्या गणिताचा, एखाद्या शब्दाचा उल्लेख कुठे सापडला तर ते पान जपून ठेवा.

प्रशिक्षणांबद्दल फार लिहीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं शिक्षण सांगितलं आहे, ते मला मान्य आहे. पण हे तास मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून, शेवटची प्रश्नावली गटावर आलेल्या उत्तरांवरून सोडवून भरले जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. प्रमाणपत्रं छान छापलेली असतात. २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आणि नवी पुस्तकं आली. त्यासाठी प्रशिक्षण झालं. त्यानंतर नव्या पुस्तकातला एक पाठ माझ्या वर्गात, माझ्या कोकणा बोलणाऱ्या मुलांसमोर कसा जातो हे बघायला जिल्ह्यातून, तालुक्यातून कुणी आलं नाही. अभ्यासक्रम पुस्तकातून वर्गात उतरताना मध्ये एक माणूस लागतो. तो माणूस तुमच्या मंजूर पदांच्या आकृतिबंधात आहे, वर्गात नाही.

आणि साधनव्यक्ती. ही माणसं वर्षानुवर्षं करारावर काम करतात. त्यांतल्या कित्येकांच्या हाताखालून गेलेले शिक्षक आज विस्तार अधिकारी झाले, ह्या मात्र मुदतवाढीच्या पत्राची वाट बघतात. आमच्या ताई भाषेच्या. गोष्टीच्या पुस्तकावरून मुलांना प्रश्न कसे विचारायचे हे त्यांनी मला माझ्याच वर्गात करून दाखवलं आहे, प्रवासभत्ता वेळेवर मिळत नसताना, एस.टी. चुकल्यावर चार किलोमीटर चालत येऊन. आज त्या तालुक्याला संगणकासमोर बसून कुठल्या शाळेने कुठला रकाना रिकामा ठेवला ते शोधतात. हे त्यांचं नव्हे, माझ्या मुलांचं नुकसान आहे. त्यांचं तर आहेच.

'हे सगळं बोलायला ठीक, प्रत्यक्षात होत नाही,' असं कुणी म्हणेल म्हणून साताऱ्याची आठवण करून देते. कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शिक्षकांना बरोबर घेऊन जे उभं केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' ह्या शासकीय कार्यक्रमाच्या काळात त्याचं नाव प्रत्येक बैठकीत निघायचं. पण तिथून बाकीच्यांनी काय आणलं? फरशीवरची रंगवलेली चित्रं. महिन्या-दोन महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांच्या फरशा रंगल्या, वर्गणी काढून, काही ठिकाणी शिक्षकांच्या खिशातून. चित्रं उपयोगी होती, नाही असं नाही. पण कुमठ्याला फरक पडला तो एक अधिकारी स्वतः वर्गात बसून मुलांबरोबर काम करत होती आणि शिक्षकांशी पुन्हा पुन्हा बोलत होती म्हणून. तो भाग रंगाच्या डब्यात येत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि बाकीच्या बीटांच्या अधिकाऱ्यांना तो कधी दिला गेला नाही.

एक बाजू आमचीही लिहायला हवी. सगळ्याच शिक्षकांना वर्गात कुणी आलेलं आवडतं असं नाही. 'वीस वर्षं झाली शिकवतोय, हे काल आलेले काय सांगणार' असं म्हणणारे आमच्यात आहेत. केंद्रप्रमुख न फिरकल्याचा आनंद मानणारेही आहेत. पण ह्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात तपासणारा माणूसच पाहिला आहे, मदतीला आलेला पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला, ते आजही त्याची वाट बघतात. आमच्या संघटनांनाही माझी विनंती आहे: बदल्या, वेतन, पेन्शन ह्यांच्यासाठी आपण मोर्चे काढले, काढायलाच हवेत. निवेदनात एक ओळ ह्यासाठीही असू द्या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. केंद्रप्रमुखांच्या पदोन्नतीची आणि परीक्षेची अशी दोन्ही वाट्यांची पदं भरण्याचं तारखांसह वेळापत्रक जाहीर करा. तोपर्यंत एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त केंद्रं देऊ नका, आणि प्रभार देताना त्याच्या मूळ वर्गाला आधी शिक्षक द्या.

२. आठवड्यातले तीन दिवस केंद्रप्रमुख आणि साधनव्यक्ती यांना फक्त शाळांसाठी राखून ठेवा. त्या दिवशी मीटिंग नाही, व्हिडिओ कॉन्फरन्स नाही, आढावा नाही. हे लेखी आदेशात घाला आणि तो आदेश मोडणाऱ्या वरिष्ठ कार्यालयाला विचारणा व्हावी, मुख्याध्यापकाला नव्हे.

३. शिक्षकांच्या शैक्षणिक-अशैक्षणिक कामांची यादी शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये केली. तशीच यादी केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती आणि डाएटच्या अधिव्याख्यात्यांसाठी करा. माहितीच्या कामासाठी केंद्रशाळेला एक डेटा एंट्री करणारा माणूस द्या. एका माणसाचा पगार आणि दहा-बारा शाळांचा गेलेला वेळ, ह्यातलं महाग काय ते वित्त विभागालाच विचारा.

४. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागू नका. कुठल्याही कार्यालयाने शाळेकडून काही मागवण्याआधी ते यू-डायसमध्ये आहे का हे तपासल्याचं पत्रात लिहावं.

५. शैक्षणिक भेट आणि प्रशासकीय तपासणी वेगळी करा. शैक्षणिक भेटीत दिसलेली गोष्ट गोपनीय अहवालात जाणार नाही, असं स्पष्ट लिहा. भेट किमान एका पूर्ण तासाची असावी आणि त्याच दिवशी शिक्षकाशी बोलणं व्हावं. शेरेबुकात निदान एका मुलाबद्दल आणि पुढच्या भेटीत काय बघायचं याबद्दल लिहिलं जावं.

६. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ केंद्रातल्या शिक्षकांनी ठरवलेल्या विषयाला द्या. बॅनर, सत्कार आणि फोटोची अट काढून टाका.

७. चाचण्यांचे निकाल प्रश्ननिहाय शाळेला परत द्या, आणि ते घेऊन डाएटचा किंवा गट साधन केंद्राचा माणूस महिन्याच्या आत केंद्रात येईल अशी व्यवस्था करा.

८. साधनव्यक्तींच्या सेवेचा प्रश्न मिटवा. तो मिटेपर्यंत निदान मानधन आणि प्रवासभत्ता त्या-त्या महिन्यात द्या.

९. जिथे मुलांची घरची भाषा मराठी नाही, त्या केंद्रांत ती बोली येणारी साधनव्यक्ती नेमा. अशा डी.एड. झालेल्या मुली आमच्या तालुक्यात आहेत, घरी बसून आहेत.

ह्यातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. पत्र लागतं. तुमचं कार्यालय दिवसाला किती पत्रं काढतं हे आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, तेव्हा आणखी एक जड जाऊ नये.

आमच्या केंद्राची पुढची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत आहे. त्या दिवशी आम्ही तिसरीच्या मुलांच्या वजाबाकीच्या वह्या चटईवर मांडणार आहोत, प्रभारी साहेबांनी हो म्हटलं आहे. तुमच्यापैकी कुणाला, किंवा तुमच्या कार्यालयातून कुणाला यायचं असेल तर अवश्य यावं, आधी कळवायची गरज नाही. गुलाबपुष्प मिळणार नाही, दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आहे. या पत्राचं उत्तर मात्र लेखी द्यावं, म्हणजे ते वाचून दाखवता येईल.

आपली,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतील एक उपशिक्षिका